एकाच जर्सीतली वीस वर्षं : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधले जे तारे अख्खी कारकीर्द एका संघात काढतात, त्यांची निष्ठा मनापासूनची किती आणि नियमांनी घडवलेली किती? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. सगळ्या रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : एकाच संघाकडून सर्वांत जास्त हंगाम कोण खेळलं? कोबी ब्रायंटला तर शार्लट हॉर्नेट्सने निवडलं होतं. मग त्याला ‘एका संघाचा खेळाडू’ का म्हणतात?

उत्तर : डर्क नोविट्स्की, डॅलस मॅव्हरिक्सकडून २१ हंगाम (१९९८ ते २०१९). त्याच्यानंतर २० हंगामांचे दोघे : लॉस एंजलिस लेकर्सचा कोबी आणि मायामी हीटचा युडॉनिस हॅस्लेम. युटा जॅझचा जॉन स्टॉकटन आणि सॅन अँटोनियो स्पर्सचा टिम डंकन प्रत्येकी १९, इंडियाना पेसर्सचा रेजी मिलर १८. अलीकडच्यांत स्टीफन करी २००९ पासून गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये आहे आणि त्याचा करार २०२६–२७ पर्यंत आहे.

मोजणी प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांवरून होते, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नाव कोणी पुकारलं यावरून नाही. १९९६ मध्ये हॉर्नेट्सने कोबीला १३व्या क्रमांकावर निवडलं आणि व्लाडे डिवात्सच्या बदल्यात लेकर्सला दिलं. हॉर्नेट्सकडून तो एकही सामना खेळला नाही. नोविट्स्कीचंही तसंच. १९९८ मध्ये त्याला मिलवॉकी बक्सने नवव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच रात्री तो डॅलसचा झाला. बिल रसेलला १९५६ मध्ये सेंट लुइस हॉक्सने निवडलं होतं, पण त्याची ११ विजेतेपदं बोस्टन सेल्टिक्सचीच.

प्रश्न : एखादा खेळाडू दहा वर्षं एका संघात राहिला, की समालोचक लगेच त्याला निष्ठावान म्हणू लागतात. हे कितपत खरं मानायचं?

उत्तर : पहिली आठ-नऊ वर्षं हिशेबात धरूच नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. त्या काळात खेळाडूच्या हातात फार थोडं असतं.

ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. त्यातली पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघ ठरवतो. तिसऱ्या हंगामानंतर संघ त्याला मुदतवाढ देऊ शकतो, जास्तीत जास्त पाच वर्षांची. चार आणि पाच, नऊ वर्षं झाली. मुदतवाढ नाकारली तरी चौथ्या हंगामानंतर तो ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होतो. म्हणजे दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार मूळ संघाने तेवढ्याच रकमेवर मान्य केला, की खेळाडूला तिथेच राहावं लागतं. यातून सुटायची एकच वाट आहे : एका वर्षाची ‘क्वालिफाइंग ऑफर’ स्वीकारायची, तुलनेने कमी पैशांत एक हंगाम काढायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळं व्हायचं. त्या एका हंगामात गुडघा गेला, तर आयुष्यभराची कमाई गेली. डेट्रॉइटच्या ग्रेग मन्रोने २०१४ मध्ये हा धोका पत्करला होता. बहुतेक तारे पत्करत नाहीत.

म्हणून निष्ठा तपासायची असेल तर करारांची यादी उघडा आणि खेळाडू पहिल्यांदा पूर्ण मोकळा कधी झाला ते वर्ष शोधा. त्या उन्हाळ्यात त्याच्यासमोर दुसरा खरा पर्याय होता का, राहण्यासाठी त्याने पैसे किंवा वर्षं सोडली का आणि संघ तेव्हा जिंकत होता की हरत होता, हे बघा. जिंकणाऱ्या संघात पूर्ण पैसे घेऊन राहणं चांगलंच आहे, पण त्यात कसोटी नाही.

टिम डंकनची कसोटी २००० मध्ये लागली. १९९९चं विजेतेपद हाताशी होतं, पण पुढच्या वसंतात गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्या, खेळू शकला नव्हता. ऑर्लँडो मॅजिकने त्याला आणि ग्रँट हिलला एकत्र आणायचा घाट घातला होता. हिल गेला, डंकन राहिला. त्यानंतर स्पर्सने २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी चार विजेतेपदं मिळवली. कोबीचं २००४ असंच. लॉस एंजलिसमधल्याच क्लिपर्सकडे जाण्याच्या तो अगदी जवळ होता. रेजी मिलरची कसोटी तर निवृत्तीनंतर लागली. २००७ मध्ये बोस्टनच्या संघातून पुन्हा खेळायला उतरण्याचा त्याने विचार केला आणि नाही म्हटलं. पुढच्याच वर्षी बोस्टन विजेता ठरला. मिलरकडे आजही विजेतेपद नाही. आमच्या मते या यादीतला सर्वांत महागडा नकार तोच.

प्रश्न : आपल्याच संघात राहिलं तर नेमके किती पैसे जास्त मिळतात? ‘बर्ड राइट्स’ आणि ‘सुपरमॅक्स’ यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : बर्ड राइट्स ही संघाला मिळणारी सवलत आहे, सुपरमॅक्स हा खेळाडूला मिळणारा जादा वाटा.

प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर सॅलरी कॅप असते. २०२५–२६ साठी ती १५.४६४७ कोटी आहे. एखादा खेळाडू फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून संघ न बदलता तीन हंगाम खेळला असेल, तर त्याला पुन्हा करारबद्ध करताना संघ ही मर्यादा ओलांडू शकतो. हेच बर्ड राइट्स. नाव बोस्टनच्या लॅरी बर्डवरून पडलं. ट्रेड, म्हणजे संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल, झाला तर हा हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो. संघाने त्याला सोडून दिलं किंवा तो स्वतः दुसरीकडे गेला, तर मोजणी शून्यापासून.

आता पगाराची कमाल मर्यादा. लीगमध्ये ० ते ६ वर्षं झाली असतील तर कॅपच्या २५ टक्के, ७ ते ९ वर्षं असतील तर ३० टक्के, १० किंवा जास्त असतील तर ३५ टक्के. स्वतःचा संघ पाच वर्षांचा करार आणि दरवर्षी ८ टक्के वाढ देऊ शकतो. दुसरा संघ चार वर्षं आणि ५ टक्के. ही वाढ नेहमी पहिल्या वर्षाच्या पगारावर धरतात, चक्रवाढीने नाही. घरी आकडेमोड करताना हमखास चुकतं ते इथेच.

२०२५–२६ च्या कॅपवर आठ वर्षं खेळलेल्या खेळाडूचं उदाहरण घेऊ. ३० टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ४.६४ कोटी. स्वतःच्या संघात पाच वर्षांचे सुमारे २६.९ कोटी, दुसऱ्या संघात चार वर्षांचे सुमारे १९.९५ कोटी. फरक जवळजवळ सात कोटींचा दिसतो, पण त्यातले सहा कोटींहून अधिक हे निव्वळ पाचव्या वर्षाचे आहेत. पहिल्या चार वर्षांचीच तुलना केली तर फरक उरतो अवघा ८३ लाखांचा! सव्वीस वर्षांच्या खेळाडूला पाचवं वर्ष पुढच्या करारात कुठेही मिळेल, त्यामुळे सोडून जाणं त्याला फारसं महाग पडत नाही. चौतिशीतल्या खेळाडूला ते वर्ष पुन्हा मिळेलच असं नाही.

हीच फट बुजवायला सुपरमॅक्स आला. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेटला गेला आणि लीग आणि खेळाडू संघटना यांच्या पुढच्या सामूहिक करारात, २०१७ पासून, ही तरतूद झाली. सात-आठ वर्षं खेळलेल्याला दहा वर्षांच्या खेळाडूचा, म्हणजे ३५ टक्क्यांचा पगार मिळू शकतो. वरच्याच कॅपवर पाच वर्षांचे सुमारे ३१.४ कोटी. अट अशी की त्याला याच संघाने ड्राफ्ट केलेलं असावं किंवा पहिल्या चार हंगामांत ट्रेडने घेतलेलं असावं. शिवाय तो ताज्या हंगामात किंवा गेल्या तीनपैकी दोन हंगामांत ‘ऑल-एनबीए’ संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत) असावा किंवा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला असावा, नाहीतर गेल्या तीन हंगामांत एकदा तरी एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. २०२३–२४ पासून या पुरस्कारांसाठी साधारण ६५ सामन्यांची अट आली आहे. एका स्नायूच्या दुखापतीने काही कोटी हुकतात ते असे.

प्रश्न : मग सुपरमॅक्समुळे तारे आपापल्या संघात टिकले का?

उत्तर : काही टिकले. करीने २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी २०.१ कोटींचा करार केला, आणि २०२२चं विजेतेपद त्यानंतरच आलं. पण रसेल वेस्टब्रुकने २०१७ मध्ये ओक्लाहोमाशी असाच करार केला आणि २०१९ मध्ये त्याचा ट्रेड झाला. वॉशिंग्टनच्या जॉन वॉलचा २०२० मध्ये. सुपरमॅक्सची सही झाल्यावर एक वर्ष ट्रेड करता येत नाही. त्या वर्षानंतर संरक्षण संपतं. कॅपचा ३५ टक्के भाग एकाला दिला की उरलेल्या ६५ टक्क्यांत चौदा जण बसवायचे, आणि तिथेच बहुतेक संघांचं गणित बिघडतं.

प्रश्न : नोविट्स्की आणि डंकन यांनी पगार कमी घेतला, कोबीने घेतला नाही. मग कोबीची निष्ठा कमी म्हणायची का? आमच्या गटात यावरून कडाक्याचं भांडण झालं आहे.

उत्तर : भांडण मिटेल असं वाटत नाही, पण आकडे समोर ठेवून भांडा.

नोविट्स्कीला २०१३–१४ मध्ये सुमारे २.२७ कोटी मिळत होते. २०१४ च्या उन्हाळ्यात त्याने तीन वर्षांसाठी २.५ कोटींवर सही केली, म्हणजे वर्षाला सरासरी ८३ लाख. वाचलेल्या जागेत डॅलसने चँडलर पार्सन्सला आणलं. डंकन २०११–१२ मध्ये दोन कोटींच्या वर घेत होता, २०१२ मध्ये त्याने तीन वर्षांसाठी तीन कोटी घेतले. २०१५ मध्ये तर तो वर्षाला सुमारे ५० लाखांवर आला आणि त्याच उन्हाळ्यात स्पर्सना लामार्कस ऑल्ड्रिज मिळाला.

कोबीने नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन वर्षांसाठी ४.८५ कोटींची मुदतवाढ घेतली. तेव्हा तो टाचेवरचा स्नायुबंध तुटून सात महिने बाहेर होता. २०१४–१५ ची कॅप ६.३ कोटी, त्यात त्याचा पगार २.३५ कोटी, म्हणजे ३७ टक्के. त्या दोन हंगामांत लेकर्सने अनुक्रमे २१ आणि १७ सामने जिंकले.

यावरून कोबीला दोष देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ती रक्कम लेकर्सने स्वतःहून पुढे केली होती. वीस वर्षं ज्याच्या नावावर तिकिटं विकली, त्याला शेवटी पूर्ण मोबदला देणं ही संघाचीही निष्ठा आहे. आणखी एक मुद्दा सहसा कोणी काढत नाही. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा वरचा दर १३.३ टक्के होता. खेळाडूचा कर तो कोणत्या राज्यात किती दिवस कामावर होता त्यावर ठरतो आणि निम्मे सामने घरच्या मैदानावर असतात. डॅलस, सॅन अँटोनियो आणि मायामीत पगार सोडणं त्यामुळे थोडं सोपं जातं. नोविट्स्कीचा त्याग यामुळे लहान होत नाही, पण तुलना करताना हा फरक धरायलाच हवा.

नाहीतरी २००७ मध्ये कोबीने उघडपणे ट्रेड मागितला होता, हे त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात. तो टिकला कारण लेकर्सने घाई केली नाही आणि फेब्रुवारी २००८ मध्ये पाउ गॅसोलला आणलं. पुढे २००९ आणि २०१०ची विजेतेपदं आली.

प्रश्न : आज कमी पैसे घे, पुढे भरपाई करू, असं संघाने तोंडी सांगितलं तर?

उत्तर : तो गुन्हा धरला जातो आणि शिक्षा जबर असते. मिनेसोटा टिम्बरवूल्व्ह्जने जो स्मिथबरोबर नेमकं हेच केलं. काही हंगाम कमी पगाराचे एकेक वर्षाचे करार करायचे, बर्ड राइट्स मिळाले की मोठा करार द्यायचा, असा गुपचूप समझोता होता. २००० मध्ये तो उघड झाला. लीगने ३५ लाखांचा दंड केला, स्मिथचे करार रद्द केले आणि पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क काढून घेतले. त्यातले काही नंतर परत मिळाले. त्या वेळी संघात तरुण केव्हिन गार्नेट होता. त्याच्याभोवती संघ उभारायचं मुख्य साधनच गेलं, आणि २००७ मध्ये तो बोस्टनला गेला.

कायदेशीर मार्ग एवढाच, की खेळाडूने स्वतःहून, कोणत्याही आश्वासनाशिवाय, कमी रकमेवर सही करावी. न्यू यॉर्क निक्सच्या जेलन ब्रन्सनने २०२४ मध्ये चार वर्षांसाठी सुमारे १५.६५ कोटी घेतले. एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे २६.९ कोटी मिळण्याची शक्यता होती. तो काही एका संघाचा खेळाडू नाही, डॅलसमधून आलेला. तरी हा सौदा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रश्न : खेळाडू संघ सोडतो तेव्हा चाहते जर्सी जाळतात. संघ खेळाडूला विकतो तेव्हा मात्र ‘धंदा आहे’ म्हणतात. हा न्याय आहे का?

उत्तर : नाही. आम्हाला यात सर्वांत जास्त राग येतो.

डिमार डीरोझन २०१६ मध्ये मोकळा झाला, दुसऱ्या कोणत्याही संघाला न भेटता त्याने टोरंटो रॅप्टर्सशी पाच वर्षांचा करार केला. नऊ हंगामांनंतर, जुलै २०१८ मध्ये, त्याला सॅन अँटोनियोला पाठवून टोरंटोने क्वाय लेनर्ड घेतला आणि २०१९चं विजेतेपद मिळवलं. बोस्टनच्या आयझेया थॉमसने २०१७ मध्ये बहिणीच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी प्लेऑफचा सामना खेळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला क्लीव्हलंडला धाडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर डॅलसने २५ वर्षांच्या लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकलं. यात त्याचं आर्थिक नुकसानही मोठं. डॅलसमध्ये राहिला असता तर त्या उन्हाळ्यात त्याला सुमारे ३४.५ कोटींचा सुपरमॅक्स मिळू शकला असता. संघ बदलल्यामुळे तो हक्कच संपला. जिथे नोविट्स्कीने एकवीस वर्षं काढली, तिथेच हे घडावं, हे डॅलसच्या लोकांना फार लागलं.

यावर बचाव म्हणजे ‘नो-ट्रेड’ कलम. ते मागायला लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्याच संघात किमान चार वर्षं झालेली असावी लागतात. मुख्य अडचण अशी, की हे कलम फक्त फ्री एजंट म्हणून केलेल्या नव्या करारात घालता येतं, मुदतवाढीत नाही. पैसे लवकर पक्के व्हावेत म्हणून आजचे बहुतेक तारे मुदतवाढ घेतात आणि तिथेच हे कलम हातचं जातं. कोबीच्या २००४ च्या आणि नोविट्स्कीच्या २०१० च्या करारात ते होतं. इतरांसाठी १५ टक्क्यांपर्यंतचा ‘ट्रेड किकर’ असतो, ज्यात ट्रेड झाल्यास उरलेला पगार वाढतो. त्याने ट्रेड अवघड होतो, थांबत नाही.

प्रश्न : ड्वेन वेड मायामीत आणि डेमियन लिलार्ड पोर्टलँडमध्ये, आपापल्या जुन्या संघांत, परत आले. त्यांना यादीत घ्यायचं का?

उत्तर : आकड्यांच्या यादीत नाही. वेडच्या बाबतीत मात्र कारण बघा. २०१४ मध्ये त्याने दोन वर्षांचे सुमारे ४.१८ कोटी सोडून सुमारे ३.१ कोटींचा करार घेतला, संघाला मोकळीक मिळावी म्हणून. २०१६ मध्ये भरपाईची अपेक्षा होती. मायामीची तयारी दोन वर्षांच्या सुमारे ४ कोटींची, शिकागोची ४.७ कोटींची. तो गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये परतला आणि मायामीतच निवृत्त झाला. लिलार्ड ११ हंगामांनंतर, २०२३ मध्ये, स्वतः ट्रेड मागून पोर्टलँडमधून निघाला. मिलवॉकीने त्याला २०२५ मध्ये करारमुक्त केल्यावर तो तीन वर्षांच्या ४.२ कोटींच्या करारावर परत आला, आणि या वेळी नो-ट्रेड कलम घेऊन. त्याला अनुभवाने शहाणपण आलं म्हणायला हरकत नाही.

हॅस्लेमचं नाव वेडच्या मानाने कमी घेतलं जातं, याची खंत वाटते. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडलंच नव्हतं. फ्रान्समध्ये खेळून तो मायामीला आला. २०१० मध्ये इतरत्र सुमारे ३.४ कोटी मिळत असताना त्याने मायामीचे २ कोटी घेतले.

प्रश्न : जुन्या काळी सगळेच एका संघात राहायचे. तेव्हा निष्ठा जास्त होती ना?

उत्तर : तेव्हा दार बंद होतं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये खेळाडू संघटनेतर्फे लीगविरुद्ध खटला भरला, त्याची तडजोड १९७६ मध्ये झाली. आज आहे तसं पूर्ण मोकळं होणं १९८८ मध्ये आलं, आणि टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला. म्हणून रसेलची १३ किंवा जेरी वेस्टची १४ वर्षं डंकनच्या १९ वर्षांशी थेट ताडून पाहू नयेत. रसेलच्या मोठेपणाला याने धक्का लागत नाही. त्याला निवड करायची संधीच नव्हती.

प्रश्न : स्त्रियांच्या लीगमध्ये (डब्ल्यूएनबीए) असे खेळाडू आहेत का?

उत्तर : आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. सू बर्ड २००२ ते २०२२ सिअ‍ॅटल स्टॉर्मकडेच होती, चार विजेतेपदं. डायना टोरासी फीनिक्स मर्क्युरीकडून २००४ ते २०२४, तीन विजेतेपदं. तमिका कॅचिंग्ज इंडियाना फीव्हरकडून २००२ ते २०१६, विजेतेपद २०१२ मध्ये. एक तपशील ध्यानात ठेवा : डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि पगार इतके कमी होते, की बर्ड आणि टोरासी हिवाळ्यात रशियात खेळायच्या. २०१५ मध्ये टोरासीच्या रशियन क्लबने तिला अमेरिकेतला हंगाम न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले, आणि तिने ते स्वीकारले. त्या वर्षी ती फीनिक्सकडून खेळली नाही. तरी ती एका संघाचीच खेळाडू ठरते, कारण डब्ल्यूएनबीएत तिने दुसरी जर्सी घातलीच नाही. शिवाय संघाला एखादीला ‘कोअर’ खेळाडू जाहीर करून वाटाघाटीचा एकाधिकार स्वतःकडे ठेवता येत असे. त्यामुळे इथेही आधी करार वाचा, मग मत बनवा.